वर्गातल्या मुलाच्या घरी मृत्यू झाला, तर?
पहिली ते चौथीच्या नव्या शिक्षकांसाठी

पहिली ते चौथीचा वर्ग हाती आला की आज ना उद्या ही वेळ येतेच. कुणाचे वडील अपघातात जातात, कुणाची आई आजारपणात, कुणाची आजी, जिच्या कुशीत ते मूल रोज झोपत होतं. कधी गोठ्यातलं वासरूही असतं, आणि सात वर्षांच्या मुलाला त्याचंही दुःख पुरतं खरं असतं.

शाळेला मुलाचं दुःख घालवता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. शाळेने मुलाशी खरं बोलायचं, त्याचा दिवस नेहमीसारखा चालू ठेवायचा आणि तेराव्यानंतरही लक्षात ठेवायचं. यातलं शेवटचं सगळ्यात जास्त राहून जातं. तेरावा झाला की पाहुणे परततात, मोठी माणसं कामाला लागतात, आणि गेलेलं माणूस परत येतच नाही हे मुलाच्या ध्यानात साधारण त्याच सुमाराला येऊ लागतं.

बातमी येते तेव्हा

मूल शाळेत असतानाच बातमी आली, तर आधी ती पक्की करा. तोंडातोंडी येणाऱ्या बातमीत ‘दवाखान्यात नेलं’ आणि ‘गेले’ यांची सहज गल्लत होते. मुख्याध्यापकांनी घरातल्या एका जबाबदार माणसाशी स्वतः बोलावं आणि विचारावं: नेमकं काय झालं, मुलाला कोण सांगणार, न्यायला कोण येणार? तोवर मूल वर्गातच राहू द्या. त्याला ऑफिसात बोलावून बाकावर एकटं बसवून ठेवलं की काहीतरी भयंकर घडलंय हे त्याला कळतं, पण काय ते कळत नाही. तो अर्धा तास मुलं पुढे कितीतरी दिवस विसरत नाहीत.

जेवणाची सुट्टी जवळ आली असेल तर मुलाला पोषण आहार खाऊन जाऊ द्या. माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही आणि गर्दीत लहान मुलाने खाल्लं का हे कुणी पाहत नाही.

न्यायला येणारा मुलाच्या ओळखीचाच हवा. त्याचं नाव, नातं, वेळ नोंदवहीत लिहून सही घ्या. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, चप्पल बरोबर द्या. घरच्यांनी ‘आम्हीच सांगू’ म्हटलं असेल तर त्यांचा शब्द पाळा, पण मुलाने विचारल्यावर खोटं बोलू नका. ‘काही नाही रे, काका सहज आलेत’ म्हणू नका. एवढंच म्हणा: ‘घरी एक वाईट गोष्ट झालीये. काका तुला घरी नेतील आणि आजी तुला सगळं सांगेल. मी तुला भेटायला घरी येणार आहे.’ आणि मग खरंच जा.

कोणते शब्द वापरायचे

मारिया नागी या संशोधिकेने बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी मृत्यूबद्दल बोलून 1948 साली आपले निष्कर्ष मांडले. अगदी लहान मुलं मृत्यूकडे दूर जाणं किंवा झोपणं म्हणून पाहतात, असं तिला दिसलं. नंतरच्या संशोधकांनी या समजेचे भाग पाडले: मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर थांबतं, हे प्रत्येकाचं होणार असतं, आणि त्याला काहीतरी कारण असतं. बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात यातलं बरंचसं उमगू लागतं. पहिलीच्या वर्गात मात्र काही मुलं अलीकडे असतात, काही पलीकडे. म्हणून शब्द असे हवेत की दोघांनाही चुकीचं चित्र दिसू नये.

आपल्याकडे लहानांसमोर ‘मेले’ म्हणणं कठोर वाटतं. मग आपण म्हणतो ‘बाबा देवाघरी गेले’. मोठ्यांना अर्थ कळतो. पाच वर्षांच्या मुलाला देवघर माहीत असतं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं, समईचं. ते तिथे जाऊन पाहतं. बाबा नसतात. मग एक तर मोठी माणसं खोटं बोलतात, नाहीतर बाबा आपल्याला दिसायचं टाळतायत, असं त्याला वाटतं. ‘आजी झोपली’ म्हटलं की मूल झोपायला घाबरतं, आणि आई दुपारी जरा लवंडली तरी तिला हलवून उठवतं. ‘गावाला गेले’ म्हटलं की ते एसटीची वाट पाहतं. ‘चांगली माणसं देवाला आवडतात, म्हणून त्याने नेलं’ या वाक्याने मूल परिपाठाच्या प्रार्थनेला तोंड उघडेनासं होतं, कारण देवाच्या नजरेत भरणंच त्याला धोक्याचं वाटू लागतं.

शाळेत बोलताना ‘वारले’ किंवा ‘मरण पावले’ म्हणा, आणि लगेच त्याचा अर्थ सांगा: ‘म्हणजे त्यांचं शरीर बंद पडलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही. आणि ते परत येणार नाहीत.’ दुखत नाही हे मुद्दाम सांगा. ज्या मुलांनी अग्नी देताना किंवा दफन करताना पाहिलेलं असतं, त्यांना ‘बाबांना भाजलं असेल का’, ‘मातीखाली श्वास कसा घेणार’ हाच प्रश्न रात्री छळत असतो, आणि ती तो विचारत नाहीत. घरचे आत्म्याबद्दल, स्वर्गाबद्दल, पुनर्जन्माबद्दल काही सांगत असतील तर ते खोडू नका. ‘तुझ्या घरी तसं मानतात, आजीला अजून विचार’ एवढं पुरे.

आत्महत्या असेल तर आधी कुटुंबाला विचारा की मुलाला काय सांगितलंय आणि वर्गात काय सांगितलेलं चालेल. तपशील वर्गात कधीच बोलायचा नाही. पण मुलाच्या कानावर बाहेरून काहीबाही येणारच, म्हणून घरच्यांची हरकत नसेल तर मुलाशी एकट्याने बोलताना म्हणा: ‘बाबांच्या मनाला मोठा आजार झाला होता. त्या आजारात माणसाला मदत मागायचं सुचत नाही. तुझ्यामुळे झालं नाही. तू काही केलं असतंस तर थांबलं असतं, असंही नाही.’

‘तुझ्यामुळे नाही’ हे वाक्य मरण कोणतंही असो, बोलायचंच. सहा ते आठ वर्षांची मुलं कारण स्वतःत शोधतात: मी आईला त्रास दिला, मी बाबांशी कट्टी केली होती. ती बोलून दाखवत नाहीत, म्हणून त्यांनी विचारायची वाट न पाहता तुम्हीच म्हणा.

दोन वाक्यं मात्र शाळेत कुणीही बोलू नयेत, शिपाईमामांनीही नाही आणि सरपंचांनीही नाही: ‘आता तूच घरातला कर्ता’ आणि ‘रडू नको, आईला त्रास होईल’. पहिल्याने आठ वर्षांच्या मुलाचं बालपण त्या दिवशी संपतं. दुसऱ्याने ते रडायचं थांबतं, आणि आपण त्याला शहाणं म्हणतो.

वर्गाला सांगणं

दुसऱ्या दिवशी, परिपाठ मैदानावर सुरू होण्याआधी, वर्गशिक्षकानेच आपल्या वर्गात सांगावं. ध्वनिक्षेपकावरून शंभर मुलांना एकदम सांगितलं की कोण घाबरलं ते दिसत नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मुलांना जवळ, जमिनीवर गोलात बसवा आणि चार-पाच सरळ वाक्यांत सांगा: ‘आपल्या समीरचे बाबा काल वारले. त्यांना हृदयाचा आजार होता. समीर काही दिवस घरी राहील. त्याला वाईट वाटत असेल, आपल्यालाही वाटेल. काही विचारायचं असेल तर विचारा.’

प्रश्न येतील, आणि मुलांचे प्रश्न थेट असतात: माझे बाबा पण मरतील का? ‘नाही’ म्हणू नका, मुलं पकडतात. म्हणा: ‘बहुतेक माणसं खूप म्हातारी होईपर्यंत जगतात. आणि तुझी काळजी घेणारी माणसं खूप आहेत.’ मग त्या मुलाला ती माणसं बोटांवर मोजायला लावा: आई, मामा, आजोबा, आत्या. पाचही बोटं भरली की मुलाचा चेहरा निवळताना दिसतो.

कुणी हसलं तर रागावू नका, ती भीती असते. ‘त्याच्या घरी विटाळ आहे, त्याला शिवायचं नाही’ असं कुणीतरी म्हणेल, कारण घरी तसं ऐकलेलं असतं. तिथे वाद न घालता ठाम सांगा: ‘शाळेत आपण समीरच्या शेजारी बसतो आणि त्याचा हात धरतो.’

घरी भेट

तिसऱ्या ते तेराव्या दिवसाच्या मध्ये कधीतरी वर्गशिक्षकाने एका सहकाऱ्यासह जावं. वीस मिनिटं बसायचं. अभ्यासाचं काहीही न्यायचं नाही. वर्गातल्या मुलांनी काढलेली दोन-चार चित्रं मात्र न्या. मोठ्यांशी बोलून निघून येऊ नका. मुलाच्या शेजारी जमिनीवर बसा, त्याचं नाव घेऊन बोला. ते काहीच बोललं नाही तरी चालेल. बाई घरी आल्या होत्या, हे त्याच्या लक्षात राहतं.

निघताना घरच्यांना विचारा: मुलाला काय सांगितलंय, ते झोपतं-जेवतं कसं, आता शाळेत कोण सोडणार, कुणाचा नंबर लावायचा. प्रत्येक घराचा रिवाज वेगळा, तोही समजून घ्या. सुतक दहा दिवस पाळतात की तेरा, मुस्लिम घरात चाळिसावा कधी, बौद्ध घरात पुण्यानुमोदन कधी, ख्रिस्ती घरात महिन्याची मिस्सा कधी. मुस्लिम घरात वडील गेले असतील तर आई इद्दतीत, म्हणजे पती गेल्यावर पाळायच्या काळात, चार महिने दहा दिवस घरातच राहू शकते. त्या काळात ती पालकसभेला आली नाही म्हणून ‘पालक उदासीन’ असा शेरा मारू नका, तुम्ही घरी जा.

परतल्याचा दिवस

मूल लवकर परत येणं चांगलं, अर्ध्या दिवसासाठी का होईना. घर बदललेलं असतं, शाळा तीच असते. पण त्या सकाळी काही गोष्टी आधी उरकून ठेवा.

मुलाला परिपाठाच्या दहा मिनिटं आधी बोलवा. ‘तू आलास, मला बरं वाटलं. आज काय होणार ते सांगतो’ म्हणून दिवसाचं वेळापत्रक सांगा. एक खूण ठरवा: रडू आलं किंवा बाहेर जावंसं वाटलं की कंपासपेटी बाकावर उभी ठेवायची. तुम्ही नुसती मान हलवायची, आणि त्याने काही न विचारता व्हरांड्यात किंवा शेजारच्या वर्गातल्या बाईंकडे जाऊन बसायचं. ती जागा आणि सोबतीला जाणारा एक मित्र आधीच ठरलेला हवा. मुलं ही खूण पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा वापरतात, नंतर क्वचित. कंपासपेटी उभी करता येते हे माहीत असणंच बहुतेकांना पुरतं.

मुलाने अग्नी दिला असेल तर त्याचं डोकं भादरलेलं असेल. टोपी घालून बसायची परवानगी आदल्या दिवशीच घरी कळवा, आणि वर्गाला तो येण्याआधी सांगा की असं का करतात. हे राहिलं तर पहिल्या मधल्या सुट्टीत ‘टकलू’ हाक येते, आणि दुसऱ्या दिवशी मूल शाळेत येत नाही.

आता हजेरी. आपल्याकडे मुलाच्या नावात वडिलांचं नाव असतं. पूर्ण नावाने हजेरी घेत असाल तर गेलेल्या माणसाचं नाव रोज सकाळी वर्गात पुकारलं जाणार. एकट्या त्याचंच नाव अर्धं करू नका, तेही सगळ्यांच्या लक्षात येतं. काही दिवस सगळ्यांचीच हजेरी क्रमांकाने किंवा पहिल्या नावाने घ्या, आणि पुढे त्याला एकट्याला विचारा. काही मुलांना बाबांचं नाव ऐकायला हवं असतं.

त्याच दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप गटातला नंबर बदला. नाहीतर गृहपाठाचे निरोप बंद पडलेल्या फोनवर जात राहतात आणि मूल ‘गृहपाठ का केला नाहीस’ची बोलणी खातं. दैनंदिनीत आणि प्रगतिपुस्तकात सही कोण करणार ते लिहून ठेवा. कागदपत्रांत वडिलांच्या नावामागे ‘कै.’ लावायचं असेल तर ते शिक्षकाने शांतपणे करावं. भर वर्गात मुलाकडून फॉर्म भरून घेताना नको.

पुढचे आठवडे

मुलांचं दुःख सलग नसतं. आत्ता रडणारं मूल दहा मिनिटांत लगोरी खेळत असतं, आणि मोठ्यांना वाटतं ते विसरलं. विसरलेलं नसतं. त्याला एका वेळी जेवढं पेलतं तेवढंच ते हाती घेतं.

तीन ते पाच वर्षांची मुलं अंगणवाडीत पुन्हा चड्डीत शू करतात, बोबडं बोलतात, ताईचा पदर सोडत नाहीत. पहिली-दुसरीतल्यांचं पोट दुखतं, आणि ते खरंच दुखत असतं. तिसरी-चौथीतली मुलं चिडतात, मारामारी करतात किंवा एकदम अतिशहाणी होतात. घरातलं आणि धाकट्या भावंडांचं काम अंगावर पडलेली मुलगी वर्गात डुलक्या घेते. शिक्षा कोणत्याच मुलाला द्यायची नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नेच शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. दुसऱ्याला मारलं तर मात्र हात धरून थांबवा: ‘राग येऊ दे, मारायचं नाही.’ नियम सैल सोडलेल्या मुलाला वाटतं की आपलं काही खरं नाही.

मुलं मैदानात प्रेतयात्रेचा खेळ मांडतात. एक जण आडवा होतो, चौघं उचलतात, एक पुढे मडकं धरून चालतो. पाहून आपल्या अंगावर काटा येतो, पण ओरडून मोडू नका. न समजलेली गोष्ट मुलं खेळूनच समजून घेतात. कुणाला जबरदस्तीने आडवं करत नाहीत ना, एवढं पाहा.

गृहपाठ सहा-आठ आठवडे कमी ठेवा. पंधरा गणितांऐवजी पाच, पण ती पाच तपासाच. अजिबात दिला नाही तर मुलाला आपण वेगळे पडलो असं वाटतं.

एक उपक्रम सहज जमण्यासारखा आहे, तो म्हणजे आठवणींचा डबा. बुटांचं रिकामं खोकं, रंगीत कागद, डिंक, एवढंच लागतं. मुलाने घरून गेलेल्या माणसाच्या दोन-तीन साध्या वस्तू आणायच्या: आजीच्या चष्म्याची रिकामी डबी, बाबांच्या शर्टाची गुंडी, बसचं तिकीट. दागिने, पैसे, एकुलता एक फोटो नको, हरवला तर त्याची भरपाई होत नाही. वीस-पंचवीस मिनिटं त्याच्याबरोबर बसा. प्रत्येक वस्तूबद्दल एक वाक्य त्याने सांगायचं, तुम्ही चिठ्ठीवर लिहायचं, आणि चिठ्ठी वस्तूबरोबर डब्यात ठेवायची. ‘ही गुंडी तुटली तेव्हा बाबा हसले होते’ एवढं वाक्य पुष्कळ झालं. डबा घरी न्यायचा की शाळेच्या कपाटात ठेवायचा हे मूल ठरवेल. नको म्हटलं तर विषय तिथेच सोडा. आणि त्याचं कोणतंही चित्र, चिठ्ठी भिंतीवर लावू नका, उपक्रमाच्या फोटोत टाकू नका.

तारखा

वर्गशिक्षकाच्या वहीत एक पान या मुलासाठी ठेवा. मृत्यूची तारीख आणि तिथी, दोन्ही लिहा. वर्षश्राद्ध तिथीने होतं, ते कॅलेंडरच्या तारखेला येतंच असं नाही. मग गेलेल्या माणसाचा वाढदिवस, मुलाचा वाढदिवस, पितृपक्ष, पहिली दिवाळी. भावंड गेलं असेल तर राखीपौर्णिमा आणि भाऊबीज. या दिवसांच्या अलीकडे-पलीकडे मूल बिथरलं तर कारण तुम्हाला ठाऊक असेल. आदल्या दिवशी हळूच म्हणा: ‘उद्या बाबांचा दिवस आहे ना? मला आठवण आहे.’

पाठ्यपुस्तक आधी चाळा. ‘माझी आई’, ‘माझे बाबा’ हे निबंध आणि आईवरच्या कविता येणारच. त्या गाळू नका. विषय ‘माझ्या घरातलं आवडतं माणूस’ असा सगळ्यांसाठीच ठेवा, आणि मुलाला आदल्या दिवशी कल्पना द्या. बऱ्याचदा ते गेलेल्या माणसावरच लिहितं. लिहू द्या, आणि त्यात लाल पेनने शुद्धलेखन तपासू नका.

वर्गातलंच मूल गेलं तर

विहीर, शेततळं, रस्ता, साप, ताप. अशा वेळी दोन मिनिटं मौन पाळून शाळा सोडून देण्याची रीत आहे. ती मोडावी असं आमचं मत आहे. आईबाप शेतावर, कामावर असतात, आणि घाबरलेली मुलं रिकाम्या घरी जातात. वर्ग चालू ठेवा, शिकवू नका, एकत्र बसा, चित्रं काढा. त्या मुलाची जागा पहिल्याच दिवशी भरू नका. आठवडाभराने वर्गाला विचारून बसायची रचना सगळ्यांचीच बदला. वह्या आणि दप्तर आईवडिलांच्या हाती शिक्षकांनी स्वतः जाऊन द्यायचं.

बाहेरची मदत, आणि कागद

काही महिने उलटूनही मूल खात-झोपत नसेल, मित्रांत मिसळत नसेल, सतत स्वतःला दोष देत असेल तर शाळेबाहेरची मदत घ्या. ‘मला पण बाबांकडे जायचंय’ असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर त्याच दिवशी. अशा मुलाला एकटं सोडू नका आणि पालकांना बोलावून घ्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416, तो चोवीस तास चालतो आणि शिक्षकही त्यावर सल्ला विचारू शकतात. मुलाची आबाळ किंवा छळ होत असेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पैशाचं संकट दुःखाच्या पाठोपाठ येतं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायला घरच्यांना आठवण करा, पुढचं सगळं त्या दाखल्यावर अडतं. आई किंवा वडील गेलेल्या मुलासाठी महिला व बालविकास विभागाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, त्यात मुलामागे महिना 2250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो आणि बालकल्याण समिती आदेश देते. दारिद्र्यरेषेखालच्या घरातलं 18 ते 59 वयाचं कमावतं माणूस गेलं असेल तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात, त्यासाठी तहसील कार्यालयात जायचं. मुलाचा बोनाफाईड दाखला मागितल्या दिवशी द्या. त्यासाठी विधवा आईला दोनदा हेलपाटा पडू नये.

वडील गेल्यावर कितीतरी मुलं महिन्याभरात आजोळी जातात, किंवा आई कामासाठी बाहेर पडते आणि मूल आजी-आजोबांकडे राहतं. शाळा सोडल्याचा दाखला नुसता हातात देऊन मोकळे होऊ नका. मुलाला वर्गाचा निरोप घ्यायला एक तास मिळाला पाहिजे, आणि नव्या शाळेच्या वर्गशिक्षकांना पालकांच्या परवानगीने फोन केला पाहिजे. मूल तुमच्याच शाळेत वरच्या वर्गात गेलं, तरी जूनमध्ये ते वहीतलं पान पुढच्या शिक्षकांच्या हातात द्या: तारीख, तिथी, वाढदिवस, सही कुणाची, नंबर कुणाचा, आणि कंपासपेटी उभी केली तर काय करायचं.